चिमणीची जाळी: सोडा कुठे, कुठे नाही

फोडणीच्या वाफेतलं तेल जाळीवर बसतं आणि उष्णता-हवेने हळूहळू राळेसारखं घट्ट होतं. मग नुसत्या घासणीला ते दाद देत नाही. घमेल्यात कडकडीत पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा (खायचा नव्हे), आणि जाळी अर्धा तास बुडवून ठेवायची. हातमोजे हवेतच. सोडा तेलाचा थोडाफार साबणच करतो. पाणी तपकिरी झालं की समजावं, मळ सुटतोय.

मात्र हे स्टीलच्या जाळीपुरतंच! ॲल्युमिनियमची जाळी सोड्यात काळवंडते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विडच बरं. जाळीसोबत शेगडीही साफ करत असाल, तर बर्नरची भोकं सुईने मोकळी करा, टूथपिकचं टोक आत मोडतं. आणि सफाई कसलीही असो, ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.