इंजिनाविना गड कसा चढतात?

वणीजवळच्या सप्तशृंगी गडावर २०१८पासून पाचशेच्या आसपास पायऱ्या टाळून फनिक्युलर ट्रॉलीने वर जाता येतं. डब्यात इंजिन मात्र शोधूनही सापडायचं नाही! फनिक्युलरची मोटर बहुधा वरच्या स्थानकात असते. एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांना दोन गाड्या, विहिरीच्या कप्पीवरच्या दोन बादल्यांसारख्या. उतरणारी चढणारीला ओढते. मोटरला उरतो तो प्रवाशांच्या वजनातला फरक आणि घर्षण.

खरी गंमत मध्यावर. अनेक फनिक्युलर मार्गांवर तिथे रूळ दुभंगतात, गाड्या शेजारून निघून जातात, पण सांधे बदलायला कुणीच नसतं. गाडीच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडून कडा, दुसऱ्या बाजूची चाकं सपाट. त्यामुळे प्रत्येक गाडी कायम आपलीच बाजू धरते. स्विस अभियंते रोमान आब्ट यांची ही एकोणिसाव्या शतकातली शक्कल.

आणि दोर तुटला तर? गाडीखालचे ब्रेक थेट रूळच पकडतात.