न दिसणारी दवंडी आणि हातातला सातबारा

कोरा कागद यंत्रात जातो आणि अक्षरं लेऊन बाहेर येतो, याचं नवल बहिणाबाई चौधरींना इतकं वाटलं की त्यांनी छापखान्यावर कविता रचली. 1880 मध्ये जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या, जन्मभर शेतात राबलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. आज त्याच आसोद्यात, रावेरला किंवा धुळ्याकडे साक्री-शिरपूरला एखादी सून फोनवर बोट टेकवते आणि पलीकडच्या खोलीतला प्रिंटर सासऱ्यांचा सातबारा छापून देतो. मधे वायर नाही. हे नवल बहिणाबाईंच्या नवलापेक्षा तसूभरही कमी नाही.

1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपये भरले की पीडीएफ फोनमध्ये उतरते. त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. पडताळणी क्रमांकावरून उतारा खरा आहे का ते तपासता येतं. तरी पीक कर्जाच्या किंवा केळीच्या विम्याच्या फाइलीत शेवटी कागदच लावायचा असतो. मग बहुतेक जण झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिथल्या नंबरवर व्हॉट्सॲप करतात. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, सगळं अनोळखी कॉम्प्युटरवर जातं आणि तिथेच राहतं. मला हे बरं वाटत नाही. ज्यांच्या घरी किंवा दुकानात वाय-फायचा प्रिंटर आहे, त्यांना याची गरजही नाही.

फोनला प्रिंटर सापडतो कसा, ही यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. फोनला प्रिंटरचा पत्ता ठाऊक नसतो. म्हणून तो घरातल्या वाय-फायवर दवंडी पिटतो. ही दवंडी 224.0.0.251 या पत्त्यावर जाते, आणि हा पत्ता कुणा एका यंत्राचा नाही. ऐकायला बसलेल्या सगळ्यांचा मिळून आहे. ‘इथे छापणारं कुणी आहे का?’ टीव्ही ऐकतो, गप्प राहतो. दुसरा फोन ऐकतो, गप्प राहतो. प्रिंटर उत्तर देतो: मी आहे, माझं नाव हे, माझा पत्ता हा. मग फोन त्याला थेट विचारतो: ए-फोर कागद घेतोस का? रंगीत छापतोस का? दोन्ही बाजूंनी? प्रिंटर एकेक उत्तर देतो. ‘प्रिंट’ दाबल्यावर समोर येणारी निवड या उत्तरांतूनच तयार होते.

या संवादाचे नियम आयपीपी या नावाने 1999 मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे हातातल्या स्मार्टफोनच्या कितीतरी आधी. 2010 मध्ये ॲपलने त्यांच्याच आधारे एअरप्रिंट आणलं. 2013 मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संघटना काढली. बाजारात एकमेकांचं गिऱ्हाईक ओढणाऱ्या कंपन्या एका बोलीवर राजी झाल्या, म्हणून एका कंपनीचा फोन दुसरीच्या प्रिंटरशी बोलू शकतो.

आता मराठी अक्षरांकडे या. पूर्वी खिळे जुळवणाऱ्या माणसाला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे हाताशी ठेवावे लागत. आपला प्रिंटर ‘क्षेत्र’ हा शब्द वाचत नाही. बहुतेक वेळा फोनच त्या पानाचं ठिपक्यांचं चित्र करून पाठवतो. एका इंचात 600 ठिपके धरले तर ए-फोर पानावर साधारण 3 कोटी 48 लाख जागा होतात. त्यातल्या प्रत्येक जागेबद्दल एकच निर्णय: शाई की कोरं? इंकजेटमधून उडणारा थेंब काही पिकोलीटरचा असतो, आणि एक पिकोलीटर म्हणजे लीटरचा एक लाख कोटीवा भाग. अशा थेंबांतून गट नंबर उमटतो, आजोबांचं नाव उमटतं.

हे सगळं नेट बंद असतानाही चालतं. उतारा आधी फोनमध्ये उतरवून ठेवला असेल, तर पावसाळ्यात लाइनीत बिघाड होऊन इंटरनेट गेलं तरी राउटरला वीज आहे तोवर छपाई होते. कागद घराबाहेर गेलेलाच नसतो.

जोडणी अवघड नाही. प्रिंटरच्या पडद्यावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून त्याला एकदा घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड द्यायचा. फोन त्याच वाय-फायवर हवा. मोबाइल डेटावर राहिला तर दवंडी प्रिंटरपर्यंत पोचतच नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘प्रिंटिंग’ शोधून सेवा चालू आहे ना ते बघा. आयफोनला तेही लागत नाही. राउटरच नसेल तर बऱ्याच प्रिंटरना वाय-फाय डायरेक्ट असतं. फोन सरळ प्रिंटरलाच जोडायचा.

अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. पुष्कळ प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झ ऐकतात, म्हणजे सेकंदाला 240 कोटी आंदोलनं आणि लाटेची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. खानदेशातल्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती या लाटा बऱ्याच गिळतात, लोखंडी कपाट त्या परतवतं. म्हणून राउटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये दोन्ही नकोत. दुसरं म्हणजे वीज जाऊन आल्यावर प्रिंटर कधी कधी राउटरच्या आधी उठतो आणि वाय-फाय न मिळाल्याने तसाच बसतो. राउटर पूर्ण चालू होऊ द्या, मग प्रिंटर बंद करून पुन्हा लावा.

जोडणी झाली की एक गोष्ट नक्की करून बघा. प्रिंटरच्या नेटवर्क माहितीत त्याचा आयपी पत्ता दिसतो. तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक प्रिंटर स्वतःचं छोटंसं पान उघडून दाखवतात. त्यात शाई किती उरली, काय अडलंय, सगळं असतं. आणि तिथेच त्याला तुमचा स्वतःचा पासवर्ड घालून ठेवा.