दुसरी हार्ड डिस्क, तिसरी प्रत

गेल्या महिन्यात घरच्या संगणकावर जागा संपल्याची सूचना आली. भावाच्या निकाहाचे फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, माझ्या प्रश्नपत्रिका आणि मरहूम अब्बांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज, सगळे एकाच डिस्कवर. मुलगा म्हणाला, "अम्मी, जुने काहीतरी पुसून टाक." पुसणार तरी काय?

आधी आम्ही कॅबिनेट उघडून दोन गोष्टी पाहिल्या: डिस्क बसेल असा रिकामा कप्पा आणि मदरबोर्डवर साटा केबलची मोकळी जागा. दोन्ही होत्या. मग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून १ टेराबाइटची डिस्क आणली. साटा केबल वेगळी मागून घ्यावी. ती प्रत्येक डिस्कबरोबर मिळतेच असे नाही.

काम अर्ध्या तासाचे आहे. संगणक बंद करून प्लग काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. डिस्क कप्प्यात सरकवून स्क्रू आवळा. अरुंद केबल मदरबोर्डला जोडा, रुंद केबल पॉवर सप्लायकडून येते. दोन्ही एकाच बाजूने बसतात, म्हणून जोर करू नका.

संगणक सुरू केला, तरी विंडोजमध्ये नवी डिस्क लगेच दिसत नाही. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, 'जीपीटी' निवडा, नवा भाग तयार करून फॉरमॅट करा. इथे घाई नको. चुकून जुनी डिस्क निवडली, तर सगळे पुसले जाईल. आकडा पाहून खात्री करा. १ टेराबाइटऐवजी ९३१ जीबी दिसले, तर दुकानदाराला दोष देऊ नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

मुलगा खूश होऊन म्हणाला, "आता सगळे सुरक्षित!" मी त्याला थांबवले. जागा वाढली, पण दोन्ही डिस्क एकाच डब्यात. चोरी झाली, पाणी शिरले, विजेचा झटका बसला, तर दोन्ही एकदमच जातील. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी घुसले. किती घरांतली कागदपत्रे आणि फोटो त्या एका दिवसात वाहून गेले! दुसरी प्रत शेजारच्याच कपाटात असून काय उपयोग झाला असता?

म्हणून महत्त्वाच्या फाइली आम्ही दोन्ही डिस्कवर ठेवल्या आणि तिसरी प्रत बाहेरून जोडायच्या डिस्कवर काढून कोंढव्याला आपांच्या घरी दिली. दर ईदला ती आणून नवे फोटो भरायचे ठरले आहे.

आपांनी त्याच रात्री अब्बांचा आवाज ऐकला आणि बराच वेळ फोनवर काहीच बोलल्या नाहीत.