पिकअप गाडीचे टायर : ते कां फुटतात व नवे कसे निवडावे

शेतांत माल पिकविणें हें जितकें कष्टाचें काम आहे, तितकेंच तो वेळेवर व धडपणें बाजारांत पोहोंचविणें हेंही आहे. लासलगांवचा कांदा असो, पिंपळगांव बसवंत किंवा नारायणगांव येथील टोमॅटो असो, आज तो शेतावरून आडतीपर्यंत बहुधा पिकअप गाडींतूनच जातो. पूर्वींच्या बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असे. ती झिजे, सैल होई, पण लोहाराकडून पुन्हां बसवून घेतली म्हणजे काम चाले. रबरी टायरची गोष्ट निराळी आहे. दिसावयास धड असलेला टायर भर वेगांत एका क्षणांत फुटतो, आणि मग माल, गाडी व माणसें या तिहींवर एकदमच संकट येतें.

असें झालें म्हणजे नशिबास किंवा कंपनीस बोल लावण्याचा प्रघात आहे. आमचें म्हणणें असें आहे कीं, टायर फुटणें ही बहुतेक वेळां दैवाची नसून हिशेबाची गोष्ट होय. टायरवर प्रत्यक्ष भार किती पडतो, तो वाहण्यास किती हवा लागते व तेवढ्या भारास तो टायर बनविलेला आहे कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यानें काढलीं, त्याचा मोठा धोका टळला. तो हिशेब कसा करावा हें येथें सांगण्याचा विचार आहे.

भार कोण वाहतो ?

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, भार रबर वाहतें. म्हणून टायर जितका जाड, तितका तो बळकट. वस्तुतः भार वाहते ती आंतील हवा. रबर, दोरे व पोलादी तारा हें सारें त्या हवेस कोंडून धरणारें पात्र आहे. अमेरिकेंत शेतकरी व कंत्राटदार ज्या जड पिकअप गाड्या वापरतात, त्यांना ‘एलटी २४५/७५ आर १६’ या मापाचा टायर पुष्कळ वर्षें बसविला जात आला आहे. त्यांतील दहा प्लायच्या टायरांत दर चौरस इंचास ८० पौंड हवा भरली असतां तो सुमारें १३८० किलो भार वाहतो; तोच टायर ५० पौंडांवर ठेवला, तर त्याची शक्ति सुमारें १००० किलोंवर येते. टायर तोच, रबर तेंच. ३८० किलोंचा फरक केवळ हवेचा आहे.

अर्थात् वाटेल त्या टायरांत वाटेल तितकी हवा भरावी, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक टायरची कमाल मर्यादा त्याच्या बाजूवर छापलेली असते, आणि गाडीस किती हवा लागते हें दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठीं मागील चाकांच्या हवेचे आंकडे बहुधा वेगवेगळे असतात. रिकाम्या गाडीच्या हवेवर भरलेली गाडी हांकणें ही चूक आपल्याकडे फार होते.

टायर कां फुटतो ?

टायरचा मुख्य शत्रु उष्णता होय. चाकाचा जो भाग जमिनीस टेकतो, तो दबतो व पुढें जातांच पुन्हां सरळ होतो. साधारण पिकअपचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ४५० फेरे घेतें. म्हणजे शंभर किलोमीटरांच्या एका खेपेंत टायरचा प्रत्येक भाग पंचेचाळीस हजार वेळां दबतो व सुटतो. कुंपणाची तार एकाच जागीं पुन्हां पुन्हां वांकविली, तर ती तापते व अखेर तुटते, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. हवा कमी किंवा भार जास्त असेल, तर टायर अधिक वांकतो व अधिक तापतो. रेडियल टायरच्या नक्षीखालीं पोलादी तारांचे पट्टे असतात. उष्णतेनें त्या पट्ट्यांच्या कडेचें रबर सुटूं लागतें. बाहेरून कांहींच दिसत नाहीं, आणि एके दिवशीं नक्षीचा अख्खा पट्टा उसळून निघतो.

या गोष्टीचें मोठें उदाहरण अमेरिकेंत घडलें. ऑगस्ट २००० मध्यें फायरस्टोन कंपनीनें सुमारें ६५ लाख टायर परत मागविले. हे टायर मुख्यतः फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर गाड्यांना बसविलेले होते. चालत्या गाडींत त्यांची नक्षी सुटून गाड्या उलटल्या व अडीचशेंहून अधिक माणसें दगावलीं. सरकारी चौकशींत पट्ट्यांच्या कडांच्या बांधणींत दोष आढळला. परंतु हेंही दिसून आलें कीं, तक्रारी विशेषेंकरून टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना यांसारख्या उष्ण प्रांतांतून आल्या होत्या. गाडीच्या कंपनीनें २६ पौंड हवा सुचविली होती. टायर कंपनी ३० पौंडांचा आग्रह धरीत होती. दोष कोणाचा किती, हा वाद दोघांत पुष्कळ चालला. आपणांस घ्यावयाचा धडा इतकाच कीं, कमी हवा, अधिक भार, उन्हाळा व वेग हीं एकत्र आलीं म्हणजे टायरांतील लहानशी उणीवही प्राणघातक ठरते. त्याच वर्षीं तेथें यासंबंधीं नवा कायदा झाला, आणि पुढें हवा कमी होतांच चालकास इशारा देणारें यंत्र नव्या हलक्या गाड्यांस सक्तीचें करण्यांत आलें. आपल्या बहुतेक मालवाहू पिकअपांत असें यंत्र नसतें. तेथें मालकाचा हवा मोजण्याचा गेजच कामास येतो.

आपल्याकडेही ही स्थिति आतां दूरची राहिलेली नाहीं. नागपूरपासून मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें पूर्ण खुला झाला. गांवच्या रस्त्यावर गाडी थांबत, हळू होत जाते व टायरला निवण्यास वेळ मिळतो. महामार्गावर ती तासन्‌तास एकाच वेगानें धांवते, व वैशाखाच्या उन्हांत तापलेला टायर निवतच नाहीं. तेव्हां गांवच्या वाटेवर जो टायर दोन वर्षें निभावला, तो महामार्गावर दोन तासांत दगा देऊं शकतो.

उष्णतेखेरीज आणखी कारणें आहेत. खड्ड्यांत किंवा दगडावर चाक आदळून आंतील दोरे तुटतात व कालांतरानें बाजूस फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाहीं; तो काढावाच लागतो. हवा गेलेल्या टायरवर गाडी थोडी जरी चालविली, तरी त्याची बाजू आंतून चिरडते. असा टायर रिमवरून उतरवून आंतून पाहावा. रबराचा काळा भुगा निघाला तर तो बाद समजावा. त्यांत पुन्हां हवा भरणें हें भरणाऱ्याच्या जिवास धोक्याचें आहे.

प्रवासांत टायर तापला म्हणजे आंतील दाब वाढतो. सकाळीं ६० पौंड असलेली हवा टायर ३० अंशांनीं तापल्यावर ६७ पौंडांच्या पुढें जाते. कित्येक चालक ती ‘जास्त झाली’ म्हणून सोडून देतात. ही गोष्ट कटाक्षानें टाळावी. ही वाढ कारखानदारानें आधींच हिशेबांत धरलेली असते. हवा सोडली कीं टायर अधिक वांकतो व आणखीच तापतो. हवा नेहमीं निवलेल्या टायरांतच मोजावी.

पाटा वाढविल्यानें टायर वाढत नाहीं

गाडी बसूं नये म्हणून मागें एक जादा पाटा घालून घेण्याची चाल सर्वत्र आहे. त्यानें हौदा उचललेला दिसतो, पण टायर, रिम व ब्रेक यांची शक्ति तीळभरही वाढत नाहीं. उलट गाडी दबलेली दिसत नाहीं म्हणून भार जास्त झाल्याची खूणच नाहींशी होते. शिवाय जादा भाराबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यांत २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागें आणखी २ हजार रुपये दंड आहे. एका खेपेंत वांचविलेलें भाडें अशा एका दंडांत जातें.

नवा टायर निवडतांना

दुकानांत जाण्यापूर्वीं भुईकाट्यावर जावें. नेहमींप्रमाणें भरलेल्या गाडीचें प्रथम सबंध वजन करावें. नंतर पुढचीं चाकें काट्याबाहेर काढून फक्त मागच्या चाकांचें वजन घ्यावें. समजा, तें २००० किलो भरलें. मागें दोन चाकें असतील, तर प्रत्येकावर १००० किलो. परंतु माल दोन्ही बाजूंस सारखा कधींच नसतो. म्हणून दहा टक्के जादा धरून ११०० किलो समजावे.

आतां टायरच्या बाजूवरील आंकडे वाचावे. ‘१९५ आर १५ सी १०६/१०४’ असें लिहिलें असेल, तर १९५ ही मिलिमीटरांतील रुंदी, ‘आर’ म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंचांतील व्यास व ‘सी’ ही मालवाहू टायरची खूण होय. पुढील १०६ हा भारांक आहे. १०४ हा मागें जोडचाकें असणाऱ्या गाडीसाठीं. भारांक म्हणजे किलो नव्हेत. त्याचें कोष्टक ठरलेलें आहे. १०६ म्हणजे ९५० किलो, ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२०, ११५ म्हणजे १२१५ आणि १२० म्हणजे १४०० किलो. वरील उदाहरणांतील गाडीस १०६ चा टायर अपुरा आहे. तिला ११२ किंवा त्याहून अधिक भारांकाचा पाहिजे. गाडीच्या कंपनीनें मान्य केलेल्या मापांत तसा टायर मिळत नसेल, तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे : मालच कमी भरला पाहिजे.

‘८ प्लाय’, ‘१० प्लाय’ हे शब्द दुकानदार फार वापरतात. पूर्वीं ते कापडाच्या थरांची संख्या दाखवीत. आतां ते केवळ बळाचें माप आहे. त्यावर विसंबूं नये, भारांकच पाहावा. मोटारकारचा टायर त्याच मापाचा व स्वस्त मिळाला, तरी पिकअपला बसवूं नये. भारांकापुढील अक्षर वेगाची मर्यादा दाखवितें. ‘एन’ म्हणजे ताशीं १४० किलोमीटर, ‘क्यू’ म्हणजे १६०.

यानंतर टायरचें वय पाहावें. बाजूवर लांबट चौकटींत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. २६२३ म्हणजे २०२३ सालचा २६ वा आठवडा. रबर न वापरतांही जुनें होतें, व उन्हांत उभ्या राहणाऱ्या गाडींत तें लौकर होतें. कित्येक मोटार कारखानदार सहा वर्षांनीं टायर बदलण्यास सांगतात; टायर कारखानदारांची अखेरची मर्यादा बहुधा दहा वर्षांची असते, मग नक्षी कितीही शिल्लक असो. हाच नियम वर्षानुवर्षें टांगून ठेवलेल्या स्टेपनीसही लागू आहे. नक्षी १.६ मिलिमीटरांवर आली म्हणजे टायर कायद्यानेंही बाद ठरतो. त्यासाठीं खांचांत लहान उंचवटे ठेवलेले असतात, ते नक्षीच्या बरोबरीस आले कीं ओळखावें.

रबर चढविलेले टायर मोठ्या मालमोटारींच्या मागच्या चाकांना चांगल्या कारखान्यांतून करून घेतले, तर उपयोगीं पडतात. पण पिकअपच्या पुढच्या चाकांना ते बसवूं नयेत. इतिहास ठाऊक नसलेला जुना टायर विकत घेणें म्हणजे दुसऱ्याचें दुखणें विकत घेणें होय.

बसवितांना व नंतर

एका आंसावरचे दोन्ही टायर एकाच जातीचे व सारख्या झिजेचे असावे. एकीकडे रेडियल व दुसरीकडे नायलॉन हें कधींही करूं नये. दोनच नवे घ्यावयाचे असतील, तर ते मागें बसवावे. नवे पुढें घालण्याची रूढि आहे. पण मागचें चाक घसरलें किंवा फुटलें तर गाडी गरकन् फिरते व ती सांवरणें कठिण जातें. टायर बदलतांना व्हॉल्व्हही नवा घालावा.

झीज हीही एक भाषा आहे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेलें, असें समजावें. कारण दूर न करतां नवा टायर घातला, तर तोही त्याच वाटेनें जातो.

इतकें करूनही टायर फुटलाच, तर ब्रेक जोरानें दाबूं नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनीं घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, गति आपोआप कमी होऊं द्यावी व मग कडेस घ्यावी.

नव्या टायरांवर एका हंगामांत होणारा खर्च मोठा वाटतो, हें आम्ही जाणतों. परंतु हौद्यांत नुसता माल नसतो. पुष्कळ वेळां घरचा मुलगा गाडी हांकीत असतो आणि शेजारीं गडी बसलेला असतो. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे कीं, कांद्याची पहिली खेप निघण्यापूर्वीं एकदां भुईकाट्याची चिठ्ठी काढावी, ती टायरवरील भारांकाशीं ताडून पाहावी, आणि एक चांगला हवेचा गेज गाडींत कायमचा ठेवावा. दर आठवड्यास व प्रत्येक लांबच्या खेपेपूर्वीं पांच मिनिटें यासाठीं दिलीं, तर तीं कधींही वांयां जाणार नाहींत.