हलक्या गाडीला किती अश्वशक्ती पुरे?

पावसाळा ओसरला की आंबेगाव तालुक्यातील आहुपे या गावी पुण्या-मुंबईच्या हौशी गाड्यांची वर्दळ सुरू होते. मंचर, घोडेगाव, डिंभे असा करीत, धरणाच्या पाण्याच्या कडेने वळणे घेत आलेला रस्ता आहुप्याला सह्याद्रीच्या कड्यापाशी संपतो. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके आणि खाली मुरबाडकडचे खोपिवली. तिकडे उतरायचे तर पायवाटेनेच.

मंचरच्या दोन गॅरेजवाल्या स्नेह्यांबरोबर आम्ही तेथे गेलो होतो. चहा घेत असताना शेजारी चार-पाच तरुणांचा वाद रंगला होता. कुणी भारतात दोन आसनांची, हलकी, परवडणारी स्पोर्ट्स कार पुन्हा आणायची म्हटली तर तिचे इंजिन किती ताकदीचे असावे? एकाचे म्हणणे, शंभर अश्वशक्तीच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणूच नये. दुसरा विचारीत होता, "दोनशे दिली तर तू घेणार आहेस का?"

आमच्या बरोबरचे चाचा बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, पिकअपमधून हिरड्याची पोती उतरवली की तेच इंजिन नवं वाटतं. इंजिन कुणी बदललं?"

अशी गाडी विकत घेणारे आमच्या वाचकांत फार थोडे निघतील. तथापि गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, फायबरकाम, सीटकव्हर आणि सुटे भाग या धंद्यांत आपले असंख्य बांधव आहेत. नव्या गाडीची हवा उठली की त्यांतील काहींचे भांडवलही त्या हवेबरोबर उडू लागते. म्हणून या वादाचा हिशेब मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

पुण्याच्या कंपनीचा अनुभव

हा प्रश्न काल्पनिक नाही. ज्या टाटा मोटर्सचा मोठा कारखाना पुण्यात आहे, त्या कंपनीने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'रेसमो' नावाची दोन आसनी गाडी मांडली होती. इंजिन अवघे १.२ लिटरचे, तीन सिलिंडरचे, पण टर्बो लावून त्यातून १९० अश्वशक्ती काढलेली. इंजिन चालकाच्या पाठीमागे. वजन सुमारे ८०० किलो. शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठण्याचा दावा होता.

त्याच वर्षी त्याच कंपनीची नेक्सॉन बाजारात आली. तिचे पेट्रोल इंजिनही १.२ लिटरचे, टर्बोचे, तीनच सिलिंडरचे. पण ताकद ११० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. म्हणजे त्या नेक्सॉनला दर टनामागे सुमारे ८८ अश्वशक्ती मिळत होती, तर रेसमोला सुमारे २३७.

आता चाचांच्या पोत्यांचा न्याय येथे लावून पाहू. नेक्सॉनचे ११० अश्वशक्तीचे इंजिन जसेच्या तसे ८०० किलोच्या गाडीत बसवले तर टनामागे १३७ अश्वशक्ती होते. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली जी एमएक्स-५ ही छोटी उघडी गाडी आणली, तिचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्तीचे आणि वजन साडेनऊशे किलोच्या घरात होते. टनामागे साधारण १२०. ती गाडी कुणाला अशक्त वाटली नाही. २०१६ सालापर्यंत तिच्या दहा लाख गाड्या बनल्या. म्हणजे १९० चा आग्रह सोडला तरी मौज कमी होत नव्हती.

ताकदीचा खर्च इंजिनापाशी थांबत नाही, हे मिस्त्रीला सांगावे लागत नाही. ताकद वाढली की क्लच दणकट लागतो, गिअरबॉक्स वेगळा लागतो, रेडिएटर मोठा, ब्रेक मोठे, टायर रुंद. हे सारे पुन्हा वजन वाढवते आणि वाढलेल्या वजनाला आणखी ताकद हवी होते. वजन घटवले तर हाच हिशेब उलटा फिरतो. ब्रेकपॅड व टायर जास्त टिकतात आणि अॅव्हरेजही सुधारते.

कर ताकद मोजत नाही

१.२ लिटर हाच आकडा का, याचे उत्तर सरकारी करात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. पुढे जीएसटीतही ती भिंत कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातील पेट्रोल गाडीला १८ टक्के, तर त्यावरील गाडीला ४० टक्के कर आहे. कायदा लांबी आणि सीसी मोजतो, अश्वशक्ती मोजत नाही. चार मीटरच्या आत राहून १२०० सीसीच्या इंजिनाला टर्बो लावणे हा म्हणूनच परवडणाऱ्या ताकदीचा राजमार्ग आहे. रेसमो या दोन्ही मर्यादांच्या आत होती.

विजेच्या मोटारीला जीएसटी ५ टक्केच आहे आणि तिच्यात ताकदही विपुल मिळते. पण बॅटरीचे ओझे सुटत नाही. २०२५ साली भारतात आलेली एमजी सायबरस्टर ही दोन आसनी विजेची गाडी ५१० अश्वशक्तीची आहे, वजन दोन टनांच्या आसपास आणि आरंभीची किंमत सुमारे ७५ लाख रुपये. ताकद आली, परवडणे आणि हलकेपणा दोन्ही गेले.

मग रेसमोचे काय झाले? ती विक्रीपर्यंत पोचली नाही. येथे तरुणांच्या वादातील दोन्ही बाजू अपुऱ्या पडतात. ११० अश्वशक्तीने इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा खर्च वाचला असता, पण वेगळा सांगाडा, वेगळे साचे आणि वेगळ्या चाचण्या यांचा खर्च तसाच राहिला असता. हा खर्च लाख गाड्यांवर वाटला तर जाणवत नाही. काही शेकड्यांवर वाटला तर गाडीची किंमत आभाळाला भिडते. दोनच आसने असलेली गाडी आपल्याकडे कुटुंबाची पहिली गाडी होत नाही, हेही खरे.

गोव्याची 'सॅन स्टॉर्म' हे याचे आधीचे उदाहरण. १९९८ साली आलेली ही फायबरच्या अंगाची दोन आसनी गाडी. इंजिन रेनॉचे, तयार मिळणारे, जेमतेम ६० अश्वशक्तीचे. तिने खर्च आवरण्याचा मार्ग धरला, पण दिसायला स्पोर्ट्स आणि चालायला साधी, असा तिचा लौकिक झाला. इंग्लंडच्या लोटस कंपनीने १९९६ साली एलिस आणली तेव्हा तिनेही रोव्हरचे ११८ अश्वशक्तीचे तयार इंजिन घेतले. मात्र अॅल्युमिनियमचा सांगाडा चिकटवून गाडी साडेसातशे किलोच्या आत ठेवली. ती पंचवीस वर्षे चालली. दोघांनी इंजिन उसनेच घेतले. एलिसने आपला पैसा वजन घटवण्यात घातला.

आमच्या मते, अशी गाडी कुणी आणायची ठरवलीच तर लाखोंनी बनणारे १२०० सीसीचे इंजिन शंभर-सव्वाशे अश्वशक्तीत ठेवावे आणि उरलेला पैसा वजन कमी करण्यात घालावा. सुटे भाग मंचरच्या दुकानात मिळतील तेव्हाच ती गाडी परवडणारी म्हणता येईल. कारण खरेदीची किंमत एकदाच मोजावी लागते, दुरुस्तीची दर वर्षी.

कारागिरांनी काय करावे?

आमच्या परिचयातील एका फायबर कारागिराने काही वर्षांपूर्वी येऊ घातलेल्या एका गाडीच्या भरवशावर साचे, रेझिन आणि गाळ्याची अनामत यांत बरीच रक्कम गुंतवली. काम तोंडी ठरले होते. गाडी आली नाही. रेझिन मुदत संपून घट्ट झाले आणि साचे गाळ्याच्या मागे पडून राहिले. त्याला सावरायला तीन वर्षे लागली. लेखी मागणी आणि आगाऊ रकमेशिवाय नव्या गाडीसाठी एक पानाही विकत घेऊ नये, हा त्याचा सल्ला आम्ही येथे मुद्दाम देत आहोत.

दुसरी गोष्ट कायद्याची. कंपनीने ताकद कमी दिली तर गिऱ्हाईक ती गॅरेजमध्ये वाढवून मागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच. गिऱ्हाईक जुने असले तरी अशा कामाला नकार द्यावा.

सचोटीचे काम याहून पुष्कळ आहे. फायबर आणि अॅल्युमिनियमची नीट दुरुस्ती, चाकांचे अलाइनमेंट, ब्रेकची देखभाल, शिलाईदार सीट. हलक्या धातूचे वेल्डिंग करणारे हात आजही कमी आहेत. आपल्या मुलांनी ते आयटीआयमध्ये रीतसर शिकून घेतले तर स्पोर्ट्स कार आली नाही तरी विद्या वाया जाणार नाही. विजेच्या गाड्यांतही अॅल्युमिनियम भरपूर आहे.

परतताना त्या तरुणांपैकी एकाची गाडी डिंभ्याच्या अलीकडे वळणावर उभी दिसली. ब्रेक तापून वास सुटला होता. चाचांनी ब्रेक थंड होऊ दिले, पॅड तपासून दिले, मंचरला आल्यावर बदलून घ्यायला सांगितले आणि पैसे घेतले नाहीत. तरुणाने गाडीची अश्वशक्ती सांगायला सुरुवात केली. चाचांनी त्याला एवढेच विचारले, "मागे डिकीत काय काय भरलंय?"