पृष्ठभागावरील कार्प मासेमारी

पृष्ठभागावरील कार्प मासेमारी ही तळ्यात किंवा संथ पाण्यात तरंगते आमिष लावून गळाने कार्प मासा पकडण्याची पद्धत आहे. इंग्लंडमधील हौशी गळकऱ्यांमध्ये ती विशेष प्रचलित आहे. येथे कार्प म्हणजे सामान्य कार्प (सायप्रिनस कार्पिओ). महाराष्ट्रातील मच्छीमार त्याला 'सायप्रिनस' म्हणूनच ओळखतात.

माशाचे वर्तन

सायप्रिनस प्रामुख्याने तळाचा गाळ उकरून खातो. त्याचे तोंड कटल्यासारखे वर वळलेले नसते. तरीही उबदार दिवसांत तो उन्हात वर येऊन स्थिरावतो आणि पाण्यावर पडलेले कीटक ओठ पुढे काढून शोषून घेतो. वाऱ्यामुळे तरंगते अन्न ज्या काठाला साचते तेथे, तसेच कमळाच्या पानांमध्ये तो हमखास आढळतो.

मासा डोळ्यांसमोर असूनही गळाला न लागणे ही या पद्धतीतील खरी अडचण होय. कार्पचा वाताशय लहान हाडांच्या साखळीने अंतर्कर्णाशी जोडलेला असल्याने त्याला काठावरील पावलांचा आवाजही जाणवतो. पाण्याखालून बाहेरचे जग त्याला सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसते. त्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा भासतो. या आरशावर पडलेला दोरा वळ उमटल्यासारखा उठून दिसतो.

यात अनुभवाचीही भर पडते. नेदरलँड्समधील संशोधक बॉइकेमा यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकदाच गळाला लागलेला कार्पही पुढे दीर्घकाळ गळ टाळतो, असे आढळले. इंग्लंडमध्ये पकडलेला कार्प बहुधा पुन्हा पाण्यात सोडतात. त्यामुळे ज्या तळ्यांत मासे सोडून देण्याची प्रथा पक्की आहे, तेथेच ते सर्वाधिक सावध झालेले असतात.

तंत्रे

सर्वांत महत्त्वाचे तंत्र म्हणजे गळ न टाकता खाऊ घालणे. पावाचे तुकडे किंवा कुत्र्यांची तरंगती बिस्किटे वाऱ्याच्या दिशेने थोडी थोडी सोडली जातात. मासे आधी तुकड्यांना नाकाने ढोसतात, त्यांच्याखाली भोवरे उठवून परततात आणि कालांतराने निर्धास्तपणे खाऊ लागतात. या टप्प्यापूर्वी गळ टाकणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते. बदके व हंस हा खाऊ आधी फस्त करतात, ती अडचण वेगळीच.

काठाजवळच्या माशांसाठी पावाच्या कडेचा तुकडा वापरतात. काठी काठावरून पुढे धरून दोरा सरळ खाली सोडला जातो. आमिष पाण्याला जेमतेम टेकते, दोरा मात्र पाण्यावर मुळीच पडत नाही. झुडपाआड बसून सायंकाळी वा रात्री केलेली ही मासेमारी साधी असली, तरी तिला तोड नाही.

दूरच्या माशांसाठी दोऱ्यावर वजनदार तरंगते बूच ओवतात, कारण हलके आमिष एकटे लांब फेकता येत नाही. हे बूच माशांच्या पलीकडे टाकून हळूहळू ओढून आणले जाते. बूच ते गळ हे अंतर साधारण एक ते दोन मीटर असते. काठी ते बूच यांमधील तंगुसाला ग्रीस लावून तो तरंगता ठेवतात. वाऱ्याने त्याला बाक आल्यास आमिष सुट्या तुकड्यांहून वेगळ्या गतीने सरकते आणि मासे तेवढे एकच बिस्किट सोडून बाकी सारी खातात. म्हणून बाक आलेला दोरा वरचेवर उचलून वाऱ्याच्या बाजूला ठेवावा लागतो.

मासा लागल्यावर

पाण्यावर भोवरा उठताच झटका देऊ नये. आमिष तोंडात जाऊन दोरा ताणू लागल्यावरच काठी उचलावी. पानवेलींत शिरलेला मासा दोरा तोडून गळासह निसटू शकतो. म्हणून अशा जागी जाड दोरा व काट्याविना गळ वापरतात. मासा मोठ्या हातजाळ्यात घेऊन ओल्या मऊ गादीवर ठेवतात, ओल्या हातांनी गळ काढतात आणि त्याने स्वतःहून पोहू लागेपर्यंत त्याला पाण्यात आधार देतात.