मुलांना कॅथलिक शाळेत घालताय? बीडकर पालकांनी हे वाचाच!

प्रवेशाचे दिवस आले की "तिथं आपल्या लेकराला धर्म शिकवतात का?" हा प्रश्न हमखास येतो. म्हणून नियमच सांगतो.

🔹 शाळा चालवतं कोण? कॅथलिक चर्चच्या रचनेत बीड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क घटनेच्या कलम ३० ने दिला आहे.

🔹 धर्मशिक्षण? कलम २८(३) स्पष्ट आहे. सरकारमान्य शाळेतही अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही.

🔹 आरटीईच्या २५ टक्के जागा? शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं. त्यामुळे तिथे या कोट्यावर भिस्त ठेवू नका.

🔹 अभ्यास? राज्य मंडळाची शाळा असेल तर दहावीची परीक्षा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाचीच. माध्यम इंग्रजी असलं तरी २०२० च्या कायद्याने मराठी विषय सक्तीचा आहे.

कॅथलिक शाळा म्हणजे फक्त इंग्रजी, हाही गैरसमज. वसईजवळच्या नंदाखालच्या संत जोसेफ मराठी हायस्कूलमध्ये शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले!

प्रवेशाआधी शाळेत जा. मंडळ, माध्यम, फी आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला काय शिकवतात, हे मोकळेपणाने विचारा. तुमचा अनुभव खाली जरूर लिहा, इतर पालकांना उपयोग होईल.